ग्रीन ऑडिट झालंय की, मग एनर्जी ऑडिट कशाला?

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, फाईल कपाटातून बाहेर आली की आमच्या साताऱ्यातल्या कॉलेजात काही प्रश्न ठरल्याप्रमाणे वर येतात. या खेपेला हेडक्लार्क कोटेशनचा कागद घेऊन स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. "सर, मागल्या खेपेला ग्रीन ऑडिट केलंय की आपण. आता हे एनर्जी ऑडिट आणि कशाला? एकाच कामाचं दोनदा बिल?"

मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे विजेचं जे काही असेल ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. त्यांचा प्रश्न काही वावगा नव्हता. नॅकच्या सातव्या निकषाखाली ग्रीन, एनर्जी आणि पर्यावरण ऑडिट ही नावं एकाखाली एक येतात, बऱ्याचदा एकच एजन्सी तिन्ही करून देते आणि तिन्ही अहवालांच्या मुखपृष्ठावर तेच हिरवं पान असतं. आमच्या जुन्या ग्रीन अहवालात तर तेराव्या पानावर भलत्याच जिल्ह्यातल्या कॉलेजचं नाव तसंच राहून गेलं होतं. चार वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणजे चार वर्षं तो कुणी उघडलाच नव्हता.

आधी कागदावरचा फरक. एनर्जी ऑडिटला कायद्यात व्याख्या आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम, 2001 म्हणतो की ऊर्जेच्या वापराची पडताळणी, देखरेख आणि विश्लेषण करायचं, आणि त्यासोबत खर्च-लाभाचा हिशोब मांडलेल्या शिफारशी व वापर कमी करण्याचा कृती आराखडा द्यायचा. हा शेवटचा भाग नसेल तर त्याला एनर्जी ऑडिट म्हणू नये. ऑडिटर होण्यासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची, परीक्षा असते. ग्रीन ऑडिटला अशी कायद्यातली व्याख्या नाही आणि अशी परीक्षाही नाही. त्यात झाडं येतात, पाणी, कचरा, पक्षी, फुलपाखरं येतात, आणि चार पानं विजेचीही येतात. घोळ या चार पानांत आहे. तिथे ट्यूब किती, पंखे किती, एसी किती याची मोजदाद असते. पण पंखे मोजणं वेगळं आणि पंखे किती वीज खातात हे मोजणं वेगळं. (पर्यावरण ऑडिट हे तिसरं नाव मूळ कारखान्यांकडचं: सांडपाणी, धूर, आवाज, घातक कचरा. कॉलेजात त्याचा बराचसा भाग ग्रीन ऑडिटातच जिरतो.)

आमच्याकडे हा फरक कळला तो कँटीनमागच्या अळूमुळे.

कँटीनच्या मागे, पाण्याच्या उंच टाकीखाली, अळू आणि कर्दळीचा दाट पट्टा होता. भर मे महिन्यातही हिरवागार. कँटीनच्या मावशी तिथलीच पानं खुडून गुरुवारी अळूवड्या करायच्या. जुन्या ग्रीन अहवालात या पट्ट्याचा अर्ध्या पानाचा रंगीत फोटो आहे, खाली ओळ: 'परिसरातील समृद्ध हरित पट्टा'.

यंदा कोटेशन मंजूर व्हायच्या आधी मी आणि आमचे वायरमन काका एका रविवारी घरचाच प्रयोग करून बसलो. तास नाही, प्रॅक्टिकल नाही, ऑफिस बंद. मेन मीटरचं रीडिंग दर तासाला वहीत लिहायचं. माझा अंदाज होता की काटा जवळपास जागेवरच राहील. तो राहिला नाही. काकांनी क्लॅम्प मीटर काढला आणि एकेका फीडरच्या वायरीला चिमटा लावत गेले. सर्व्हर रूम, चार वॉटर कूलर (सुटीच्या दिवशी कुणासाठी गार करत होते देव जाणे), आणि बोअरची पाच एचपीची मोटर. टाकी भरली होती, भरल्यावर मोटर बंद करणारा फ्लोट स्विच बिघडला होता, मोटर चालूच होती आणि टाकीच्या ओव्हरफ्लोमधून पाणी खाली अळूवर पडत होतं. काका म्हणाले, "सर, हे अळू लाइट बिलावर वाढलंय."

पाच एचपी म्हणजे साधारण 3.7 किलोवॉट. रोज तीन तास जादा चालली तरी वर्षाला चार हजार युनिटच्या आसपास जातात, वर उपसलेलं पाणी वेगळंच. जागा एकच होती. एका ऑडिटाने तिचा फोटो काढला, दुसऱ्याने तिथली गळती काढली.

फ्लोट स्विच कुणालाही कळतो. बिलातल्या काही गोष्टी मात्र माहितगाराशिवाय दिसत नाहीत. एचटी, म्हणजे उच्च दाबाची, जोडणी असलेल्या ग्राहकांना महावितरण 2020 पासून केव्हीएएचवर बिल लावतं. म्हणजे काय, तर रसवंतीत ग्लासभर उसाचा रस मागितला तर वरचा फेसही ग्लासातच मोजला जातो. पैसे अख्ख्या ग्लासाचे. रस म्हणजे कामाला येणारी वीज, फेस म्हणजे मोटरी आणि जुने चोक नुसती फिरवत ठेवतात ती. आता छतावर सोलर बसवलं की काय होतं पाहा. समजा भर दुपारी 60 किलोवॉट भार आहे आणि 30 केव्हीएआर फेस आहे, तर ग्रिडकडून 67 केव्हीए घेतले जातात. सोलरने 40 किलोवॉट दिले. ग्रिडकडून आता 20 किलोवॉटच लागतात, पण फेस तोच 30. मिळून 36 केव्हीए. आपली समजूत की मागणी तिसऱ्या हिश्शावर आली, प्रत्यक्षात ती निम्म्याच्या थोडी वरच राहते आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ग्लासातला रसाचा वाटा, 0.89 वरून 0.55 वर घसरतो. उपाय साधा आहे, फेस जागच्या जागी पुरवणारं योग्य मापाचं कपॅसिटर पॅनेल. पण सोलरची फीत कापताना हे सांगणारा माणूस तिथे नसतो. ग्रीन अहवालात सोलर पॅनेलसमोर बरोबरची खूण येते आणि विषय संपतो.

झाडांच्या हिशोबाचंही तसंच. ग्रीन अहवालांत वाढलेल्या झाडामागे वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो असा ढोबळ आकडा धरतात आणि झाडांच्या संख्येने गुणतात. गेल्या जुलैत लावलेलं वीतभर रोपही त्या गुणाकारात वडाच्या बरोबरीने बसतं. आता पंखे घ्या. जुना पंखा 75 वॉटचा, नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी 28 चा. तीनशे पंखे, रोज सहा तास, 180 दिवस: वर्षाला पंधरा हजार युनिट वाचतात. देशाच्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर साडेदहा टन. झाडांच्याच भाषेत सांगायचं तर पाचशेच्या वर वाढलेली झाडं. पंख्यांचं उद्घाटन मात्र कुणी करत नाही.

म्हणून ग्रीन ऑडिट फुकाचं, असं मात्र नाही. मीटरला जे दिसत नाही ते त्याच्या वाट्याचं आहे, आणि ते थोडंथोडकं नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला वापरलेलं क्रोमिक ॲसिड सिंकमधून कुठे जातं? आरओच्या मशिनमधून बाहेर पडणारं पाणी बागेत जातं की गटारात? बंद पडलेले संगणक कोणत्या खोलीत रचून ठेवलेत? सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो, असे नळ किती? यातलं काहीही वीजबिलात छापून येत नाही.

आणि 'ग्रीन' म्हणजे झाडं हे समीकरण तर आमच्या जिल्ह्यात अजिबात चालू नये. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर कास पठार आहे. कातळावरची बोटभर माती, त्यात पावसाळ्यानंतर तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं. तिथे उद्या कुणी हौसेने वृक्षारोपण केलं तर सावलीत ती फुलंच मरतील. शाश्वत म्हणजे त्या जागेला झेपेल ते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यात माण तालुक्यातल्या दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. दोन्हीकडच्या कॉलेजांना 'हरित क्षेत्राची टक्केवारी' हा एकच रकाना भरायला देणं म्हणजे माणमधल्या कॉलेजाला टँकरच्या पाण्यावर लॉन लावायला सांगणं. तिथे विद्यार्थ्यामागे रोज किती लिटर पाणी लागतं आणि गच्चीवरचं किती मुरवलं जातं, हे विचारायला हवं. शिवाय पाहणीची वेळ. आषाढात साताऱ्यात भिंतीही हिरव्या असतात. पाहणी मेमध्ये करा.

हे काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचीही गरज नाही असं माझं मत. झाडं ओळखणं, नळ मोजणं, आठवडाभर कचरा वजन करणं बॉटनीची आणि एनएसएसची पोरं उत्तम करतात. ज्या जिल्ह्यात कर्मवीरांनी 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणत वसतिगृहाच्या मुलांना कष्टातून शिकवलं, तिथे झाडं मोजायला कोटेशन मागवायची लाज वाटायला हवी.

दोन्ही ऑडिटांतून निसटणारी गोष्टही असते. सांगलीतला माझा एक मित्र सांगतो, 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा त्यांच्याकडचं मेन पॅनेल तळमजल्यावर पाण्यात होतं. आधीच्या एनर्जी अहवालात त्याच पॅनेलला उत्तम शेरा होता. ग्रीन अहवालात नदीकाठच्या पक्ष्यांची यादी होती. पॅनेल जमिनीपासून किती उंचीवर आहे, ही नोंद कुठेच नव्हती.

हेडक्लार्कांना मी शेवटी एवढंच सांगितलं की एनर्जी ऑडिटच्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: ऑडिटरचा बीईईचा प्रमाणपत्र क्रमांक, प्रत्यक्ष मीटर लावून किती दिवस मोजणार, आणि प्रत्येक शिफारशीचा खर्च किती महिन्यांत वसूल होणार. ग्रीनचं आम्ही करतो. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "म्हणजे एक बिल तरी वाचलं म्हणा."

फ्लोट स्विच त्याच आठवड्यात बदलला. पंधरा दिवसांनी कँटीनच्या मावशींनी मला चहा देता देता अडवलं. "सर, तुमच्या त्या ऑडिटानं माझं अळू वाळलं की ओ! आता गुरुवारी काय करू?"