कोकणातली चांदी : आली कुठून, गेली कुठे

संग्रहालयात जुन्या चांदीच्या भांड्यांचं कपाट दिसलं की कोकणातला माणूस आधी शोधतो ते यात आपल्याकडचं काय आहे. बहुधा फारसं नसतं. कच्छी नक्षीचे चहाचे संच असतात, देवादिकांच्या उठावाचं मद्रासकडचं काम असतं. त्यालाही कारण आहे. मुंबईचं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा अशा संग्रहांचा डोळा व्यापारावरही होता. साहेबाच्या टेबलावर शोभेल ते कपाटात आलं. देवघरातली पळी कोण मांडणार?

मुळात जांभ्याच्या या पट्टीत चांदीची खाण नाही. ती आली समुद्रावरून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात भडोचच्या आयातीत राजासाठी आणलेली चांदीची मौल्यवान भांडी आहेत. कल्याण आणि चौल ही बंदरंही त्यात येतात.

पुढच्या काळातली सगळ्यात गमतीची वस्तू म्हणजे लारी हे नाणं. दिसायला केसातल्या आकड्यासारखी: चांदीची तार मधोमध दुमडायची, ठोकून चपटी करायची नि वर छाप मारायचा. वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. नाव इराणातल्या लार शहरावरून. इराणी आखाताच्या व्यापारातून ती आपल्या किनाऱ्यावर इतकी रुळली, की सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीनं स्वतःच्या लाऱ्या पाडल्या. तारेचा तुकडाच तो. सोनाराला वितळवायला किती सोपा!

नाणं आणि भांडं यांत तेव्हा मुळीच दुरावा नव्हता. १८३५ पासून कंपनीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेनचा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध. वजन आणि कस दोन्ही सरकारनंच छापून दिलेले. त्यामुळे वीस रुपये सोनारापुढे ठेवले की वीस तोळे चांदी ठेवली, वर मजुरी. उलटी वाटही मोकळी होती: चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेता येत. जगात चांदीचा भाव घसरत गेला, तशी सरकारनं १८९३ साली ही सोय बंद केली.

म्हणून जुनी भांडी उरली नाहीत. चोरांपेक्षा मुशीनं जास्त नेली. अत्तरदाणी, करंडा, चुनाळं, बाळाचं बोंडलं, कमरेचा करगोटा ही घरची शिल्लकच होती. लग्न निघालं, आजारपण आलं, की पेटी उघडायची. बरं, विकलं नाही तरी मोडलं जाईच, कारण सुनेला नव्या घडणीचं हवं. आजीच्या करगोट्याची नातवाला वाटी होते. त्या वाटीतली चांदी कुठल्या शतकातली, हे कोणी सांगावं?

मोडीतून वाचली ती देवाची चांदी. शिमग्यात ग्रामदेवतेचे मुखवटे पालखीत बसवतात, त्यांना रत्नागिरीकडे ‘रुपं’ म्हणतात. ‘रुपं लागली’ की गावाचा शिमगा उभा राहतो. रूप, रुपे म्हणजे चांदी, आणि रुपया, तिन्ही शब्द एकाच मुळाचे. पत्र्याखाली राळ भरून, ठोकून उठाव काढायचा ही मुखवट्यांची जुनी रीत. माझ्या मते कोकणची खरी चांदीकला पाहायची तर इथेच; पण ती काचेआड नाही, वाजतगाजत घरोघरी फिरते.

अर्थात फिरण्याची किंमत असते. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते, दमटपणात जरा लवकरच. तांब्यापितळेला आपण आमसूल लावतो, चांदीला रांगोळी किंवा दंतमंजन. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. प्रत्येक घासण्यात काळिमेबरोबर थोडी चांदीही जाते. आधी जाते ती बारीक नक्षी, मग नाकाचा शेंडा. संग्रहालयात मऊ सुती कापड वापरतात, ओल शोषणारे खडे ठेवतात, आणि लोकर नि रबर कपाटापासून लांब, कारण त्यांतही गंधक असतं. गावात शिमगा संपला की रुपं उतरवून पुसतात, कापडात गुंडाळतात आणि पेटीत ठेवून कुलूप लावतात.