बर्गन: निघण्यापूर्वी एवढं वाचा

नॉर्वेच्या सहलीची चौकशी करायला आलेले बरेच जण पहिल्यांदा हेच म्हणतात, "बर्गनला पाऊस नसेल अशी तारीख द्या." अशी तारीख आमच्याकडे नाही. बर्गनला वर्षाला साधारण २,२५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतकाच. फरक इतकाच की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला पाऊस तर सलग ८५ दिवस रोज हजेरी लावत होता. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, म्हणून आमची सहल तेव्हाच असते. छत्री आणू नका, बंदरावरचा वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करतो. टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट आणा.

आता गावाविषयी. राजा ओलाव किर्रे याने १०७० मध्ये हे शहर वसवलं असं मानतात. पण त्याला मोठं केलं ते सुक्या माशाने. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा लाकडी मांडवांवर टांगून, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवतात. वर्सोव्याच्या वलांडीवरचे बोंबील ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं समजवायला नको. हा मासा बर्गनला यायचा आणि जर्मन व्यापाऱ्यांची गलबतं धान्य उतरवून तो युरोपभर न्यायची. तिकडे चर्चने नेमून दिलेल्या उपासांना मांस वर्ज्य, मासा चालायचा! त्यामुळे गिऱ्हाईक पक्कं. १३६० च्या सुमारास हान्सा संघाच्या, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, व्यापाऱ्यांनी इथे आपली पेढी थाटली आणि ती जवळपास चारशे वर्षं चालली.

त्यांची वस्ती म्हणजे ब्रिग्गन, बंदराला लागून असलेली लाल-पिवळ्या लाकडी घरांची रांग. १९७९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोरून फोटो काढून परत फिरू नका, दोन घरांमधल्या बोळात शिरा. पायाखाली फळ्या, डोक्यावर एकमेकांकडे कललेले सज्जे, आणि पाऊस असला की ओल्या लाकडाचा वास. इथे राहणाऱ्या व्यापाऱ्यांना लग्नाची मुभा नव्हती. आगीच्या भीतीने घरात चूलही पेटवायची नाही, स्वयंपाक आणि ऊब मागच्या वेगळ्या इमारतीत. तरी १७०२ च्या आगीत सगळं जळालं. आजची घरं त्यानंतर जुन्याच धाटणीवर बांधलेली आहेत.

१९५५ मध्ये पुन्हा आग लागली. जळालेल्या जागेवर उत्खनन झालं, तेव्हा रुनिक या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत मजकूर कोरलेले लाकडाचे शेकडो तुकडे सापडले. कुठे मालाचा हिशेब, कुठे प्रेमाच्या ओळी. एकावर एवढंच आहे: "गीदा म्हणते, घरी चल." खाली उत्तरादाखल काहीतरी खरडलंय, पण ते लागत नाही. (प्यायलेल्या नवऱ्याचं असावं, असा आमचा अंदाज.) त्या जागेवरच ब्रिग्गन म्युझियम आहे, त्यासाठी आम्ही दीड तास राखून ठेवतो.

फ्लोएन डोंगरावर १९१८ पासून चालणारी रेल्वे काही मिनिटांत ३२० मीटर उंचीवर नेते. वर ढग असले तर खालचं काही दिसणार नाही, म्हणून तिचा दिवस आम्ही आदल्या संध्याकाळी ठरवतो.

एक ठिकाण बाकीच्या सहलींत सहसा नसतं, आम्ही आवर्जून दाखवतो: सेंट यॉर्गन हे कुष्ठरुग्णांचं जुनं रुग्णालय. १८७३ मध्ये डॉ. हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू याच शहरात सापडला. आनंदवन पाहिलेल्या मंडळींना त्या चिमुकल्या खोल्यांसमोरून लगेच पुढे जाववत नाही.

नेहमीच्या शंका

युरो नको. नॉर्वेत क्रोनर चालतो आणि बहुतेक ठिकाणी कार्डच पुरतं. व्हिसा शेंगेनचाच, युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो. मध्यरात्रीचा सूर्य बर्गनला दिसत नाही, त्यासाठी आणखी बरंच उत्तरेला जावं लागतं. पण जूनमध्ये सूर्य अकराच्या पुढेच मावळतो, तेव्हा झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्यांवर पैसे घालवू नका. मासळीबाजार बघायला छान, खायला महाग. शाकाहारी मंडळींनी मेतकूट, थेपले, दाण्याची चटणी सोबत ठेवावी. दालचिनीचा गोड पाव, स्किलिंग्सबोले, मात्र बर्गनचाच खावा. त्यात अंडं चालत नसेल तर घेण्याआधी दुकानात विचारा.

ओस्लोहून आपण आगगाडीने येतो, साधारण सात तास. विमान लवकर पोचतं, पण वाटेत १,२२२ मीटरवरचं फिन्से स्टेशन लागतं आणि तिथे जूनमध्येही बर्फ दिसतो. स्वेटर तेव्हा सामानात नको, हाताशी ठेवा.