नुसता क्रॅक आहे

"फ्रॅक्चर नाहीये हो, नुसता क्रॅक आहे." हे वाक्य न ऐकलेला पुणेकर मिळणं कठीण. टू-व्हीलर घसरते, पावसाळ्यात वाड्याच्या दगडी पायरीवरून पाय सटकतो, आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या शेजाऱ्यांची घरचे याच वाक्याने समजूत काढतात. डॉक्टरांच्या लेखी दोन्ही एकच. तडा गेला म्हणजे हाड मोडलं. तुकडे जागचे हलले का, चीर सांध्यात गेली का, कातडी फाटली का, हा पुढचा हिशोब. दुसरा घोळ 'कंपाउंड'चा. कंपाउंड म्हणजे हाडाचे पुष्कळ तुकडे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हाड एकाच जागी मोडलेलं असलं, तरी वरची जखम त्याच्यापर्यंत पोचली की ते कंपाउंड.

प्रकार पाडायची ही हौस जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला पंधरावा अध्याय मोडलेल्या हाडांचा. त्यात सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. ती नावं देणाऱ्याने डोळ्यांइतकीच बोटंही वापरली असणार. मोडलेलं टोक घोड्याच्या कानासारखं वर आलं तर अश्वकर्ण. दोन्हीकडे दबून मधे गाठीसारखं फुगलं तर कर्कटक, म्हणजे खेकडा. हात लावल्यावर आवाज येतो ते चूर्णित. एक तुकडा दुसऱ्यात घुसून मज्जेपर्यंत गेला तर मज्जानुगत. वाकलं पण सुटलं नाही ते वक्र. हे शेवटचं आजही शाळकरी पोरांत नेहमी दिसतं. ओली फांदी मोडायला गेलं की एका अंगाने फाटते आणि दुसऱ्या अंगाने नुसती वाकते, तसं त्यांचं हाड. इंग्रजी वैद्यकातलं 'ग्रीनस्टिक' हे नावही ओल्या काडीवरूनच पडलं.

उपचार चिकित्सास्थानात आहेत. ओढून, दाबून हाड जागेवर आणायचं, कापड गुंडाळायचं, वर वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली नाहीतर बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधायची. थंडीत ती ७ दिवसांनी सोडायची, समशीतोष्ण ऋतूत ५, उन्हाळ्यात ३. बांधणी सैल राहिली तर सांध्याला स्थैर्य येत नाही, फार घट्ट झाली तर सूज, ठणका आणि पू. तरुणपणी महिन्यात जुळतं, मध्यम वयात दुप्पट वेळ लागतो, उतारवयात तिप्पट.

सैल की घट्ट, या एका प्रश्नाभोवतीच हाडांच्या वैद्यकाचा सगळा इतिहास फिरलेला दिसतो. हाड जुळतं ते आपलं आपण. ते सरळ कसं धरायचं आणि किती आवळून धरायचं, एवढंच वैद्याच्या हातात.

पोथीपेक्षा ही विद्या हातांतून जास्त टिकली. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ मध्ये टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. पुढे पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि तिकडच्या सर्जनांचे डोळे विस्फारले. गोष्ट नाकाची असली, तरी हाडवैद्यांची विद्याही अशीच घराण्यातून चालत आली. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटिश ऑर्थोपेडिक्सचा पाया घालणारा लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातलाच होता. मांडीच्या हाडासाठी त्याने तयार केलेली लोखंडी चौकट, थॉमस स्प्लिंट, त्याच्या पश्चात पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांच्या कामी आली.

गेल्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरली. हात टेकला आणि मनगट असं वाकलं की एक्स-रे न काढताही काय झालंय ते कळावं. आत्या लगेच म्हणाली, "वहिनी, एकदा हाडवैद्यांना दाखवून ये." आईचा कौल प्लास्टरला पडला. तिला झालं होतं ते कॉलिस फ्रॅक्चर. डब्लिनच्या अब्राहम कॉलिसने १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रे यायला ८१ वर्षं होती. सुश्रुतासारखाच तोही बोटांनी वाचत होता.

प्लास्टर ओलं असताना तिचा हात मी धरून होतो. चार-पाच मिनिटांत ते कोमट झालं आणि आई दचकली, "अरे, हे तापतंय!" जिप्सम भाजून त्यातलं पाणी उडवलं की पीओपीची भुकटी होते. पुन्हा पाणी मिळालं की ती तेवढी उष्णता सोडून घट्ट बसते. गणपतीच्या मूर्तींत असते तीच ही पीओपी. हाडासाठी ती सुटसुटीत केली अंतोनियस मथाइसेन या डच लष्करी डॉक्टरने. १८५१ च्या सुमारास त्याने सुती पट्ट्यांत भुकटी चोळून ठेवली. पट्टी भिजवली की लगेच गुंडाळता येई. त्याच दशकात क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन पिरोगोव्हने प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरलं. घट्टपणाचा धोका मात्र तिथेही होताच. आवळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटून हात आखडतो, हे जर्मनीच्या फोल्कमानने १८८१ मध्ये मांडलं. प्लास्टर घातल्यावर "बोटं हलवून दाखवा, काळी-निळी पडली तर रात्रीसुद्धा या" असं आजही बजावतात ते यासाठीच.

कंपाउंडचा इतिहास याहून भयंकर. जखम चिघळायची आणि जीव वाचवायला पाय कापायचे. १८६५ मध्ये ग्लासगोत ११ वर्षांच्या एका मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. सर्जन जोसेफ लिस्टरने त्या जखमेवर जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली, आणि मुलगा दोन पायांवर घरी गेला. दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, पुण्यात ससून रुग्णालय सुरू झालं. १८९५ मध्ये राँटगेनचे किरण, म्हणजे एक्स-रे, आले आणि बोटांनी वाचायचं ते फिल्मवर दिसू लागलं.

पण आत हाड जुळतं कसं? त्याचा पहिला धागा एका रंगाऱ्याच्या घरी सापडला. १७३६ च्या सुमारास लंडनचा सर्जन जॉन बेल्चियर तिथे जेवायला गेला आणि ताटातल्या मांसाची हाडं लाल पाहून चक्रावला. डुकराला रंगकामातून उरलेलं मंजिष्ठेचं, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीचं, खाद्य घातलं होतं. त्या काळात नव्याने तयार होणारं हाड तेवढं रंगतं. मग फ्रान्समध्ये दुआमेलने प्राण्यांना मंजिष्ठा चारून हाडाची वाढ आणि मोडलेल्या हाडाचं भरून येणं दोन्ही तपासलं, आणि नवं हाड तयार होण्याचं श्रेय वरच्या आवरणाला दिलं.

आज हे बारकाव्यानिशी माहीत आहे. मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळतं. ते नुसतं वाया गेलेलं रक्त समजू नये, दुरुस्तीची सुरुवात त्यातच होते. दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ कॅलस, म्हणजे मोडलेली टोकं सांधणारा भराव, भरतो. पुढच्या काही आठवड्यांत त्यात कॅल्शियम उतरून कच्चं, ओबडधोबड हाड होतं. एक्स-रेवर ते फांदीवरच्या गाठीसारखं दिसतं. नंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, शरीर ती गाठ तासत राहतं. जिथे भार पडतो तिथे हाड ठेवतं, बाकीचं काढून टाकतं. कातडीवर व्रण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येतं. अर्थात सगळीकडे सारखं नाही. मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाला आणि खुब्याच्या मानेला रक्त जेमतेम पोचतं, त्यामुळे ती हाडं रेंगाळतात, कधी जुळतच नाहीत.

रॉड आणि प्लेट आल्यावर सैल-घट्टचा जुना वाद नव्याने पेटला. जर्मनीत कुन्चरने १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा खिळा ठोकला. दोस्त राष्ट्रांचे सुटलेले युद्धकैदी असे खिळे घेऊन घरी परतले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना ही युक्ती कळली. १९५८ मध्ये एकत्र आलेल्या स्विस सर्जनांनी प्लेट-स्क्रूने हाड इतकं घट्ट धरलं की कॅलस दिसेनासा झाला, आणि ते खूशही झाले. पुढे लक्षात आलं की फार घट्ट धरलं, प्लेटसाठी आवरण खरवडलं, तर हाड मंदावतं. थोडीशी हालचाल कॅलसला हवीच असते. तिकडे सायबेरियात कुर्गानला इलिझारोव्ह हा सर्जन तारा आणि कड्यांच्या पिंजऱ्यात हाड धरून ते दिवसाला १ मिलिमीटर ताणत होता, आणि मधल्या फटीत नवं हाड उगवत होतं.

पुण्यात आता 'संचेतीचा पूल' म्हटलं की रिक्षावाल्याला पुढे सांगावं लागत नाही. हाडांच्या डॉक्टरचं नाव शहराच्या पत्त्यात मुरलं आहे.

आईचं प्लास्टर सहाव्या आठवड्यात करवतीने निघालं. आतून बारीक, कोरडी पडलेली कातडी आणि काटक्यांसारखी बोटं निघाली. मग रोज सकाळी कोमट पाण्यात हात आणि मुठीत स्पंजचा चेंडू. चौथ्या दिवशी तिने चहाचा कप उचलला. पोळ्यांची कणीक मात्र मळली ती तिसरा महिना संपताना, आणि तीही थोडी घट्टच.