दमलेला माणूस आणि झोप राहिलेला माणूस

रात्रपाळीत काही चुकलं की रिपोर्टात दोनच शब्द येतात: निष्काळजीपणा किंवा थकवा. पहिला शब्द लिहिणारा बहुधा जनरल शिफ्टचा असतो, त्याला सोडून देऊ. पण 'थकवा' म्हणून दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात, ते मात्र बघवत नाही.

दमणं सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभर उभं राहिलं, पाय भरून आले, बसून चहा घेतला की माणूस ताळ्यावर येतो.

झोप राहिलेल्याचं तसं नसतं. दमलेल्याला आपण दमलोय हे कळतं, याला आपलं काय झालंय तेच उमगत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगात काही जणांना 14 दिवस रोज 4 किंवा 6 तासच झोपू दिलं. खूण दिसली की बटण दाबायचं, अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की चूक धरायची. चुका दिवसागणिक वाढत गेल्या. पण 'किती झोप येतेय?' याची उत्तरं थोड्याच दिवसांत जवळपास एका जागी थांबली. म्हणजे 'मला सवय आहे हो' म्हणणारा खोटं बोलत नाही, त्याला खरोखर तसंच वाटतं. म्हणून 'बरा आहेस ना?' हा प्रश्न फुकट आहे. 'काल किती तास झोपलास?' हे विचारा.

चुकाही निराळ्या. दमलेला मंदावतो, ते लांबूनही दिसतं. झोप राहिलेला बराच वेळ छान काम करतो आणि मध्येच दोन-तीन सेकंद गायब होतो, कधी डोळे उघडे ठेवून. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी 3 सेकंदांत जवळपास 67 मीटर पुढे गेलेली असते. पॅनलवर बसलेला मीटरकडे बघतो आणि मागच्याच तासाचा आकडा लॉगबुकात उतरवतो. अशाला पुन्हा ट्रेनिंगला कशाला पाठवता? काम त्याला येतंच.

चहा-कॉफीने झोप भरून निघत नाही, पुढे ढकलली जाते, आणि तेवढ्यालाही अर्धा तास लागतो. पहाटे 3 च्या सुमारास 20 मिनिटांची डुलकी मला केव्हाही जास्त पटते, मेमो मिळाला तरी. फक्त उठल्याउठल्या व्हॉल्व्हला हात लावू नका. तोंड धुवा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.