हिवतापाविरुद्धची अर्जित प्रतिकारशक्ती

हिवतापाची, म्हणजे मलेरियाची, लागण पुन्हा पुन्हा होत राहिली की शरीरात या रोगाच्या परजीवीविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे परजीवीला ओळखून अडवणारी रक्तातली प्रथिने) साठत जातात आणि पुढचे ताप सौम्य होतात. या संरक्षणाला अर्जित प्रतिकारशक्ती म्हणतात. ती अर्धवट असते, हे आधीच सांगायला हवे. गोवर एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही. इथे ताप आवरतो, पण परजीवी थोड्या संख्येने रक्तात टिकून राहू शकतो.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास न्यू गिनीत रक्ताच्या काचा तपासल्या, तेव्हा लहान मुलांत परजीवी भरपूर आणि मोठ्यांत क्वचित आढळले. मोठ्यांतले हे संरक्षण प्रतिपिंडांचे काम आहे, याचा पुरावा १९६१ मध्ये मिळाला. गांबियातील प्रौढांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे आजारी मुलांना टोचल्यावर त्यांच्या रक्तातील परजीवी काही दिवसांत झपाट्याने घटले.

परजीवी तांबड्या पेशीत शिरला की दडून बसतो. एक पेशी फोडून दुसरीत घुसेपर्यंतच्या अगदी थोड्या वेळात प्रतिपिंडे त्याला उघड्यावर गाठतात. फॅल्सिपॅरम हा प्रकार तर ग्रासलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन मांडतो आणि सुमारे ६० जनुकांच्या संचातून त्याचे रूप पालटत राहतो. एका रूपाची ओळख पटेपर्यंत दुसरे पुढे येते, म्हणूनच ही शक्ती कमवायला वर्षे लागतात. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने त्याला राखतात. आई मात्र पहिल्या गरोदरपणात धोक्यात असते, कारण वारेत चिकटून राहणारे रूप तिच्या शरीराने आधी पाहिलेलेच नसते. पुढच्या खेपांना ते ओळखीचे होते.

विदर्भात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असण्यामुळे मिळणारे संरक्षण आणि हे संरक्षण यांची गल्लत होते. सिकलसेलचे संरक्षण जन्मजात, जनुकातून आलेले असते. प्रतिपिंडे ज्याची त्याने कमवायची असतात.

नागपूर शहरात या रोगाचा प्रसार मर्यादित, त्यामुळे बहुतेक नागपूरकरांना ही शक्ती नाही. भामरागड, एटापल्ली, धानोरा या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात चित्र वेगळे आहे. तरी ‘तिकडच्या माणसाला मलेरिया बाधत नाही’ हे बोलणे चुकीचे आणि जिवावर बेतणारे आहे. तिथली लहान मुले आणि गरोदर बाया गंभीर होतात, आणि वारंवार लागण थांबली की मोठ्यांचीही शक्ती ओसरते. शिक्षणासाठी चार-पाच वर्षे नागपुरात राहिलेला मुलगा सुट्टीत गावी गेला, तर त्याने नवख्या पाहुण्याइतकीच काळजी घ्यावी, मच्छरदाणीत झोपावे. परत आल्यावर थंडी वाजून ताप आला तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत ‘गावी जाऊन आलो’ हे न विसरता सांगावे.

रक्तात प्रतिपिंडे सापडली तर पूर्वी केव्हातरी लागण झाली होती एवढेच कळते. आजचा आजार दिसतो तो बोटाला सुई टोचून काचेवर ओढलेल्या थेंबात: रंगवलेल्या पेशीच्या आत निळसर कडे आणि त्यावर खड्याच्या अंगठीसारखा लाल ठिपका. आशाताईंच्या किटमधली रेघही परजीवीच्या प्रथिनावरच उमटते. अंगात ताप नसलेल्या, सकाळी शेतावर जाऊन आलेल्या माणसाच्या काचेवरही ते कडे सापडू शकते. त्याच्याकडून डास परजीवी पुढच्या घरी नेतो.