डोक्यातील गजकर्ण

डोक्याची त्वचा आणि केसांची मुळे यांना बुरशीमुळे होणारा संसर्गजन्य रोग. वैद्यकीय नाव टिनिया कॅपिटिस. ट्रायकोफायटॉन आणि मायक्रोस्पोरम या प्रजातींमधल्या बुरशी केसातील केराटिन या प्रथिनावर जगतात. रोग मुख्यतः ३ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना होतो. वयात आल्यावर डोक्याच्या त्वचेतील तेलाचे स्वरूप बदलते आणि बुरशीला आळा बसतो. कोंडा हा वेगळा विकार आहे. तो मॅलासेझिया या यीस्टशी निगडित असतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि त्यात केस तुटत नाहीत.

ठाणे आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवा दमट असते. केस वाळत नाहीत, आणि ओल्या केसांच्या घट्ट वेण्या घालून मुली शाळेत जातात. घाम व ओल बुरशीला पोषक असली, तरी संसर्ग कुठून तरी यावा लागतो: घरातला एकच कंगवा, टॉवेल, टोपी, सलूनमधले नीट न पुसलेले मशीन, किंवा इमारतीच्या पार्किंगमधले मांजराचे पिल्लू. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी मांजर-कुत्र्यांकडून येते.

सुरुवात बहुधा रुपयाएवढ्या चट्ट्याने होते. त्यावर कोरडा पापुद्रा असतो, खाज सुटते. भिंगातून पाहिले तर केस त्वचेलगत तुटून उरलेले काळे ठिपके दिसतात. चाईत, म्हणजे केस गोल चट्ट्यांत गळण्याच्या वेगळ्या विकारात, चट्टा गुळगुळीत असतो, पापुद्रा नसतो. घरी हा फरक पाहिला तरी पुष्कळ गोंधळ टळतो. काही मुलांच्या डोक्यावर मऊ, दुखरी, पू असलेली गाठ येते, मानेमागे अवधाण (सुजलेली लसीका गाठ) धरते, तापही येतो. ही केरिऑन. तिला गळू समजून चिरा देऊ नये, कारण पू बुरशीविरुद्ध उठलेल्या दाहाचा असतो. उपचार लांबले तर तिथले केस कायमचे जातात.

निदानासाठी चट्ट्यावरचा पापुद्रा व तुटके केस खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, अहवाल यायला काही आठवडे लागतात. वुड्स दिव्याखाली (अतिनील किरणांचा दिवा) मायक्रोस्पोरम हिरवट चमकते, पण भारतात नेहमी आढळणारी ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम चमकत नाही; म्हणून दिव्याखाली काही दिसले नाही एवढ्यावर रोग नाही असे म्हणता येत नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरूळचे डी. वाय. पाटील रुग्णालय येथे त्वचारोग विभाग आहेत.

उपचारात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो मलमांवर. बुरशी केसाच्या मुळाशी असते, मलम तिथवर पोहोचत नाही, त्यामुळे गोळ्या किंवा पातळ औषध पोटात घ्यावेच लागते. ग्रिसिओफुल्विन साधारण ६ ते ८ आठवडे देतात. ते दूध किंवा स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास चांगले शोषले जाते. ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन कमी दिवसांत काम करते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच ठरवावी. जोडीला कीटोकोनॅझोलचा २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा लावला की बीजाणू कमी पसरतात. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे मात्र टाळावीत. खाज थांबते, लाली उतरते, आईवडील निर्धास्त होतात, आणि आत बुरशी वाढत राहते. लिंबू, लसूण किंवा रॉकेल चोळल्याने त्वचा भाजते.

मुंडण करण्याची गरज नसते, आणि औषध सुरू झाल्यावर मुलाला शाळेत पाठवता येते. वर्गात त्याला वेगळे बसवणे अन्यायाचे आहे. भावंडांची डोकी मात्र तपासावीत, कंगवे व टोप्या वेगळ्या कराव्यात. कल्चरमध्ये मायक्रोस्पोरम कॅनिस आढळली तर घरातले मांजर पशुवैद्याला दाखवावे, कारण त्याच्या अंगावर एकही चट्टा नसताना ते बुरशी वाहून नेऊ शकते.