पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे?

‘धावल्यावर पायात लॅक्टिक ॲसिड साचतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, चोळून ते बाहेर काढा.’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण जोरात धावताना लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) खरंच वाढतं.

पण वेळ जुळत नाही. थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्ववत होतं. हृदय आणि इतर स्नायू ते चक्क इंधन म्हणून वापरतात. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. तोवर लॅक्टेट साचलेलं राहतच नाही.

मग दुखतं का? सवय नसलेल्या ताणाने स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना तो भाग हळवा होतो. लांबत जाणारा स्नायू त्याच वेळी जोर लावत असेल, तर हे जास्त होतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू नेमकं हेच करतो.

घरच्या घरी पडताळता येईल. एकदा बरेच मजले जिन्याने चढा, लिफ्टने उतरा. आठवड्याने उलट करा. दम चढताना लागेल. पण बहुतेकांच्या मांड्या उतरल्यानंतरच जास्त दुखतात.

मालिशने बरं वाटतं, ते खोटं नाही. फक्त त्यातून ॲसिड निघत नाही. सावकाश चालणंही चालेल. तेवढंच अंतर पुन्हा धावलात की दुखणं सहसा कमी असतं. मात्र एकाच जागी टोचणारी कळ, सूज किंवा गडद लघवी दिसली, तर डॉक्टरांना दाखवा.